पौष्टिकाचा पुळका

तीर्थरूप मावशीच्या पायांवर इथूनच डोकं ठेवतो. (डोकं तापलेलं आहे, पाय जपून.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का? माझं विचारशील तर मी जिवंत आहे, पण तुझ्या पार्सलामुळे नव्हे, तुझं पार्सल येऊनसुद्धा.

मावशे, सात धान्यांचं पीठ पाठवायला तुला कोणी सांगितलं होतं? किडनी अधू झालीय हे घरच्यांपैकी फक्त तुला कळवलं, तर तू वर चिठ्ठी लावतेस, 'मैदा विष, कोंडा अमृत!' अगं, मी बेकरीत दिवसभर ते विषच मळतो. मालकाला आजार कळला, तर त्यालाही हाच झटका आला. एरवी करपलेला पावसुद्धा विकणारा माणूस, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आणून काचेच्या कपाटातला, बिया लावलेला, महागातला काळपट पाव माझ्या हातात ठेवला. "खा रे बाबा, श्रीमंत लोक उगाच खातात का?" फुकट आणि पौष्टिक, दोन्ही एकदम मला कधी मिळालंय? मग रोज सकाळी तसलाच पाव, संध्याकाळी तुझ्या पिठाची भाकरी, आणि माझ्या खोलीत राहणारा गवंडी (हा आमचा बिनपदवीचा वैद्य) त्यात आणखी मूठभर कोंडा टाकायचा.

तपासणीला गेलो तर डॉक्टरीणबाई कागद बघून खेकसल्याच. काय काय खातोस? मी छाती फुगवून सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणे रक्तात फॉस्फरस साचलाय, पोटॅशियम वाढलंय, आणि कोंड्यात, बियांत तेच जास्त. मी आपला पांढरा पाव, पांढरा भात खायचा, तोही बेतानं, मीठ बघून. म्हणजे सगळी दुनिया ज्याला शिव्या घालते तोच माझ्या नशिबी! दुसऱ्या दिवशी भट्टीपाशी पांढरा पाव तोंडात घातला, तर मालक ओरडला, "मरायचंय का तुला?" मी म्हटलं, "तुमच्या मायेनंच मरत होतो!" झालं, गडी रुसला. आता बोलत नाही, हातवारे करून कामं सांगतो. गवंडी म्हणतो, बाई मैदावाल्यांना सामील असणार. ज्याच्या दोन्ही किडन्या ठणठणीत, त्यालाच अक्कल फार!

तेव्हा हात जोडतो, ते पीठ बंद कर. शेजारणीला दे. तिला काही होत नाही, तिच्या आवाजावरून तरी तसंच वाटतं.

तुझा संतापलेला भाचा

ता. क. आईला यातलं अवाक्षर कळता कामा नये. तुला माझी शपथ.

ता. क. शपथ सुटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचे उपचार समजावून घ्यायला घरचं माणूस आण. आईला तूच सांग. मी फोनवर सुरुवात करतो, ती विचारते, "जेवलास का?" आणि मी "हो" म्हणून फोन ठेवतो. पण सांगण्याआधी तिला खाली बसव. तू सगळं उभ्या उभ्या सांगतेस.