कॉम्प्युटरची सावड

१८ ऑगस्ट, सोमवार
सावड ठरली — माझ्याच तोंडून!

औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेतलं आणि तशीच उपाशी हिंगोलीच्या बैठकीला गेले. तीन शेतकरी गट: हिंगोली, सिद्धेश्वर आणि आमचा डोंगरकड्याचा. हळदीच्या पानांचे फोटो काढायचे, कॉम्प्युटर ते तपासून करपा कुठं लागलाय ते सांगतो. एकट्या गावाच्या मशीनला आठवडा लागतो, तोवर रोग पुढच्या सरीत. तिन्ही गावांच्या मशीन जोडल्या तर काम दिवस-दोन दिवसांत. पण आधी कोणाचं?

हिंगोलीचा विश्वंभर, शेतकी शिकलेला. "पाच मशीन आमच्या. ज्याच्या जास्त, त्याचा नंबर पहिला."

सिद्धेश्वरच्या द्वारकाबाई उसळल्या. "मंग आमी एकवाल्यांनी तुझ्या उष्ट्यावर बसायचं व्हय रे?"

मी म्हटलं, एकेक बैलवाले सावड करतात, बैल जोडून आळीपाळीनं एकमेकांची वावरं पेरतात, तेव्हा कोणाचा बैल थोराड ते बघत नाहीत. ज्याच्या वावराला वाफसा आधी, त्याची पेरणी आधी. तसं ज्याच्याकडं डाग आधी, त्याचे फोटो आधी. आणि ज्यानं मधेच जू सोडलं, त्यानं पहिले दुसऱ्याचं पुरं करून द्यायचं, मगच स्वतःचं.

"बैलाला चारा लागतो, ताई," विश्वंभर हसला.

"अन् तुझ्या मशीनी काय हवा खातात?" — द्वारकाबाई.

नंबर लावायचं काम माझ्याकडं आलं. गटाचा हिशेब मीच ठेवते, म्हणून.

२० ऑगस्ट, बुधवार
सिद्धेश्वरचं झालं. द्वारकाबाईंचा फोन, "वेळेवर धरला बाई करपा." उदबत्ती अर्धी मोडून लावली. अर्धी उद्याला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
कालपासून हिंगोलीचं काम चालू. गटाची मशीन आमच्याच ओसरीत असते. ह्यांनी बैल धुतले, शिंगं रंगवली, आणि झुलीचा एक तुकडा आणून मशीनवर घातला. "सावडीतलं जनावर न्हाई का हे? मंग आज याच्या मानेवर जू काहून?"

मला पटलं. सावड पाळायची तर पुरी पाळावी. नागनाथाचं नाव घेतलं, बटण बंद केलं, कुंकू लावलं. बरं वाटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार
विश्वंभरचा फोन. आमच्या वाट्याचे फोटो अर्धवट पडले, त्यामुळं हिंगोलीचं सगळं काम पुन्हा पहिल्यापासून. "ताई, मशीनला पोळा कोणी सांगितला? असं असल तर आमी वेगळे."

म्हटलं, वेगळं कशाला व्हायचं. जू आम्ही सोडलं. आधी तुमचं पुरं होईल.

दुपारी हे वावरातून पान घेऊन आले. बांधाकडच्या दोन सऱ्यांत तपकिरी डाग. करप्याचा की पाणी साचल्याचा, नजरेला सारखाच. कळल्याशिवाय औषध तरी कोणतं मारणार?

"आपले फोटो आधी टाक. नंबर तुझ्याच हातात हाय."

"म्हणूनच नाही टाकता येत."

हे नीट जेवले नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार
हिंगोलीचंच चालू. डाग तिसऱ्या सरीत. नागनाथाला म्हटलं, नियम माझा आहे, तू मधे पडू नको.

२५ ऑगस्ट, सोमवार
हिंगोलीचं पुरं झालं. त्यांचे डाग साचल्या पाण्याचे, हळद निर्मळ निघाली! लगेच आमचे फोटो लावले.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका
आमचा निकाल आला. करपाच. निम्म्या वावरात.

हे फवारणीचा पंप भरून राहिले होते. "आता नंबर कोणाचा?"

"सिद्धेश्वरचा. त्यांना परत डाग दिसले."

"अन् आपल्या नदीकडच्या वावराचे फोटो?"

"त्यांच्या मागून."

ह्यांनी पंप खांद्यावर घेतला. उंबऱ्यात थांबले.

"पुढच्या पोळ्याला आदल्या दिशी सांगून बंद ठेव."