कायद्यातली सूट आणि माझ्या भावाची लाँड्री

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, धंद्याने कोर्टाबाहेरची टायपिस्ट, हा कागद कोणाच्या दडपणाखाली न येता स्वतःच्या बोटांनी टाइप करत आहे. डोके ठिकाणावर आहे. परवा हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण तेच डॉक्टर माझ्याकडून संमतीवर सही घेतात, म्हणून मीही माझी तयारी करून ठेवते. या आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द, असे लिहायची पद्धत आहे. आयुष्यभर दुसऱ्यांची टाइप केली. माझे आधीचे एकही नाही.

१. मी गेल्यावर शोकसभा घेऊ नये. भाषणे तर नकोतच. कोणी मला 'कायदेबाई' म्हणून फलकावर छापले, तर आमच्या समितीच्या वकीलबाईंनी तो फलक उतरवावा. मला त्या नावाने हाक आली की आजही मान वर होत नाही.

२. भिंतीवरचे मानपत्र काचेसकट आमच्या लोकप्रतिनिधींना परत द्यावे. पोच घ्यावी. मी त्यांच्याकडे कायद्यातल्या सवलतीचे गाऱ्हाणे नेले तेव्हा ते म्हणाले होते, "अहो, हत्ती गेला, शेपूट राहिलं. एवढ्यासाठी काय रडता?" त्यांना माझा निरोप असा, की आत गेले ते शेपूट. हत्ती बाहेरच आहे.

३. माझ्या दोन खोल्या, कपाट आणि भांडीकुंडी धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे कायद्याने जरूर नाही, पण मला जरूर आहे.

उन्हाळे लांबत गेले, तळे आटले, विहिरींत चिखल राहिला, तेव्हा आम्ही पाच-सहा जणांनी समिती केली. भूजल आणि हवामान राखण्याचा कायदा करा, ही मागणी. मसुदा मी टाइप केला, पण माणसे जोडली भावाने. खाली कोपऱ्यावर त्याची लाँड्री होती. कपडे न्यायला आलेल्यापुढे तो आधी आमचा अर्ज सरकवायचा.

"सही करा साहेब, मग शर्ट."

"आणि नाही केली तर?"

"तर इस्त्रीची घडी मोडून देतो."

लोक हसत आणि सही करत. आम्ही विधानभवनात नेलेल्या गठ्ठ्याला साबणाचा वास येत होता.

कायदा झाला. मला स्टेजवर बोलावले. टाळ्या चालू असतानाच समितीच्या वकीलबाई कानाशी आल्या. "शेवटच्या दिवशी एक ओळ घुसडलीय. परवाना असलेल्या मोठ्या उद्योगांना दहा वर्षं सूट." हातात मानपत्र होते, तोंडावर हसू होते आणि पहिल्या रांगेत माझा भाऊ उभा राहून टाळ्या पिटत होता. ते हसू मला वेळेवर पुसता आले नाही. फोटोत तसेच आले आहे.

पुढे त्या कायद्याखाली तपासणीचे पथक आले. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला सूट होती, त्याचे पंप चालू राहिले. लाँड्रीच्या बोअरला सील लागले. पंचनाम्यात जे कलम लिहिले, त्यातला शब्दन् शब्द मी ओळखत होते. भाऊ सील लावणाऱ्याला म्हणाला, "आमच्या ताईचा कायदा आहे, नीट लावा. सैल राहायला नको."

त्यात टोमणा असता तर मी गिळला असता. नव्हता. तो खरोखर अभिमानाने बोलला.

आता तो हॉटेलात चादरींना इस्त्री करतो. मी बाजाराला मागच्या गल्लीने जाते, म्हणजे ते बंद शटर दिसत नाही. भावजय तेवढी स्पष्ट बोलली: "वन्सं, पाणी वाचवायला निघालात, ते आमच्यापुरतंच वाचलं बघा." कपाटातल्या दोन्ही चांगल्या साड्या तिला द्याव्यात. तिने नेसल्या नाहीत तरी मी समजून घेईन.

४. बँकेतली शिल्लक आणि टाइपरायटर समितीला. उपयोग एकच: ती सूट देणारी ओळ काढून टाकणे. टाइपरायटरचा 'र' अडकतो, हळू दाबावा. लोक म्हणतात, ही बाई म्हातारपणी स्वतःच्याच कायद्यावर उलटली. म्हणू देत.

५. हे कलम वरचा मजकूर झाल्यावर जोडले आहे. साक्षीला यायचे कबूल केलेले पोस्टमन आले नाहीत. वकीलबाईंनी मला न विचारता भावाला फोन केला. तो कामावरून तसाच आला, उभ्याउभ्या सगळे वाचले. मी खिडकीबाहेर बघत बसले.

"घर मला?"

"हो."

"म्हणजे दंड भरतेस होय, ताई?"

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही साक्षीदार झालात, तर यातलं काही तुम्हाला मिळणार नाही. मी दुसरं कोणी बघते."

"बघू नका," तो म्हणाला. "सगळ्या गावाच्या सह्या घेतल्या मी. लोकांच्या घेता घेता माझीच करायची राहिली. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. आज करतो. घर समितीला लिही. ती ओळ निघेपर्यंत बसायला जागा नको का?"

"वहिनी काय म्हणेल?"

"बोलेल. तिला बोलायचा हक्क आहे."

म्हणून कलम ३ मधले घर आणि वस्तू, साड्या वगळून, समितीला. साड्याही साक्षीदाराच्या घरी जातात म्हणून बाद होतील, असे वकीलबाई म्हणतात; त्या मी आजच भावाच्या हाती देत आहे. मला हलके वाटायला हवे होते. वाटले नाही. सही करायला वाकलेल्या त्याच्या मनगटावर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग दिसले, आणि मी पेन पुढे करण्याऐवजी त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हाताने, वेडीवाकडी, सही केली.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही: टायपिस्ट

साक्षीदार: १. वकीलबाई
२. धाकटा भाऊ, लाँड्रीवाला (सही डाव्या हाताची, खरी आहे)

ठिकाण: माझी पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सोमवार