विभाचा मोर

अल-खोबर, २३ जानेवारी १९९१

चि. क्षमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नागपूरच्या ओसरीवर आपण तिघी बहिणी एकाच चादरीवर कॉन्व्हेंटात शिकलेला साखळीटाका भरत बसायचो, आठवतं? विभाने माझ्या फ्रॉकची कड गुपचूप चादरीला शिवून टाकली होती. आईने हाक मारली, मी धावले, आणि चादर, दोऱ्यांचा डबा, तुझी लिमलेटची गोळी, सगळं माझ्यामागे आलं!

तीच चादर गं. काठ पुरा करून मे महिन्यात आर्याला लग्नात द्यायची म्हणून मी इथे सौदीला आणली होती. विभा गेल्यावर तिच्या लेकीला आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

विषारी वायूच्या भीतीने इथे प्रत्येकाने एकेक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावून बंद केली आहे. मोलाचं सगळं मी त्याच खोलीत ठेवलं. मग सायरन सुरू झाले. सत्यजितना ड्यूटी सोडता येईना, म्हणून दोन दिवस आम्ही हॉस्पिटलच्या तळघरातच राहिलो. वरच्या मजल्यावरच्या खुर्शीदबाई मुलांना घेऊन मक्केला भावाकडे गेल्या. पाणी साठवायला त्यांनी नळ सोडला होता, पण पाणी गेलेलं. घाईत नळ तसाच उघडा राहिला. पाणी परत आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं. आमचं छत गळून चादरीची सूटकेस भिजली. लाल दोऱ्याचा रंग फुटला, आणि विभाने मधोमध भरलेला मोर आता नुसता डाग आहे.

वॉचमन म्हणतो, किल्ली मक्केला. घरमालक कुठे आहे कुणास ठाऊक. टाकीचा कॉक बंद केला तर सगळी इमारत कोरडी, म्हणून शेजारी मलाच बोलतात. आर्याला काय सांगू?

पत्र उशिरा पोचलं तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी, शोभनाताई

नागपूर, १४ फेब्रुवारी १९९१

ती. सौ. शोभनाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. रेडिओ लावला की ताट बाजूला राहतं. तू चादरीसाठी रडतेस, मी तुझ्यासाठी नि भाऊजींसाठी. हॉस्पिटलने ठेवून घेतलेले पासपोर्ट परत मिळाले तर निघून या.

खुर्शीदबाईंना मात्र सोडू नकोस. नुकसान त्यांनी केलं, भरूनही त्यांनीच द्यायचं. तुझा स्वभाव मला माहीत आहे. समोरच्याने डोळे पुसले की तू त्यालाच चहा पाजतेस.

आर्याला सांगितलं. संध्याकाळी तिने फक्त विचारलं, मोराचा डोळा तरी राहिलाय का.

तुझ्या मायेची हक्कदार,
क्षमा

अल-खोबर, १० मार्च १९९१

चि. क्षमा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

युद्ध थांबलं, खुर्शीदबाई परतल्या. काय बोलायचं ते पाठ करून मी चादर घेऊन वर गेले. त्या लखनौच्या, चिकनचं भरतकाम करणाऱ्या. त्यांनी चादर उलटून मागचे टाके पाहिले आणि जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, महिनाभर दुसरं काही करणार नाही, पण मोर हुबेहूब भरून देईन. भरतीलही गं, विभापेक्षा सुबक भरतील. म्हणूनच मी नको म्हटलं. मग मागायला माझ्याकडे काही उरलंच नाही. चहा मीच केला, हस आता.

आठ वेळा धुतली. काल कात्री लावून वाचलेले तुकडे वेगळे केले. कडा खुर्शीदबाईंनी दुमडून दिल्या.

सत्यजितचे मित्र कुमार नागपूरला येताहेत, त्यांच्याबरोबर पुडकं पाठवते. उशीचा अभ्रा आर्याचा; मोराचा डोळा आणि चार बोटं मान त्यावर आहे, तेवढंच वाचलं. रुमाल तुझा, त्यात माझ्या फ्रॉकचा निळा धागा अजून अडकलेला आहे. मी भरलेल्या काठाची एक पट्टी खुर्शीदबाईंना दिली. रागावू नकोस.

दोघींच्या लोभावर जगणारी,
ताई

ता. क. डागाचा तुकडा माझ्याकडेच राहील, विभाची तेवढीच खूण मला. आर्याने विचारलं तर फेकला म्हणून सांग. मी मेल्यावर तो तिला दे.