सुकाणू माझ्या हातात

सिंधूताई, तुले समुद्रापलीकडून सरिताचा सप्रेम जयभीम!

कोचीहून निघालेली आमची शिडाची बोट सेशेल्सले सुखरूप पोचली वं. नागपूरच्या पोरीले समुद्र काहून पायजे, म्हणून तू जन्मभर हसली. आता मी किनाऱ्यावर बसून तुले लिहून राहिली.

वाटेत एकदा जोराचा वारा सुटला. कप्तान उत्तराबाई शीड उतरवायले पुढे गेल्या अन् मले म्हणाल्या, "सरिता, सुकाणू सांभाळ." मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मग लाटेबरोबर बोट वर चढली की मी आनंदानं ओरडायचीच! उत्तराबाई चिंब होऊन परत आल्या, पण मी सुकाणू सोडायले तयार नव्हती. त्या हसत म्हणाल्या, "राहू दे, तुझ्याच हातात शोभते."

मनगट थोडं सुजलं आहे, पण काळजीचं काही नाही. जेवण पोटभर होते.

तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? तुझा प्रशिक डोळ्यात औषध वेळेवर टाकते ना? नसंल तर हे पत्र त्यालेच वाचायले लाव.

अन् ताई, रागावू नको. परतीचं विमानाचं तिकीट मी रद्द केलं. बोटीनंच घरी येईन.

खाऱ्या वाऱ्यानं काळी पडलेली तुझी धाकटी,
सरिता