पाय न दिसणारा गरुड

मी, खाली सही करणारा, हयातभर दवाखान्याच्या तळघरात लोकांचे एक्स-रे काढत आलेला आणि निवृत्तीनंतर लोकांनी पाठवलेल्या फोटोंतले शिकारी पक्षी ओळखून देणारा इसम, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य वकिलांनी घालायला सांगितलं. ते खरं आहे की नाही याबद्दल मी स्वतःच गोंधळलो आहे, आणि तो गोंधळ इथेच लिहून ठेवतो.

१. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, मी माझ्या धाकट्या बहिणीला देतो. बायको गेल्यापासून हे घर तिनेच सांभाळलं, आणि मलाही. तिला दुसरं छप्पर नाही. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आत्याची सोय आपण बघू ना." सोय सामानाची करतात. मुलगा वाईट नाही, लांब राहतो, इतकंच. पण हे मृत्युपत्र टिकलं नाही तर घर त्याला जाईल, तो ते विकेल, आणि ही कुठल्यातरी परक्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून राहील. ते मला सहन होत नाही.

२. बँकेतली ठेव मुलाला. कॅमेरा आणि लांब लेन्सही त्यालाच. लेन्सला बुरशी लागली आहे, त्यावरून माझ्या नावाने बोटं मोडू नयेत.

३. दुर्बीण मेहुण्याला, बायकोच्या भावाला, द्यायची होती. या गृहस्थाला आभाळात काहीही दिसलं की तो "ससाणा" म्हणतो. घार दिसली, ससाणा. एकदा तर विमानालाही म्हणाला. त्यावरून आमचा बरेच दिवस अबोला होता. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही म्हणे, आणि साक्षीला मला तोच हवा. म्हणून दुर्बीण आज सकाळीच त्याच्या हातात ठेवली. तो घाबरला. "भावोजी, बरं आहे ना तुम्हाला?" एवढंच त्याने विचारलं.

४. फोटोंचे डबे बहिणीकडे राहतील. ज्या फोटोंच्या मागे "ओळख पटली नाही" असं लिहिलं आहे, त्यांवर माझ्यामागे कोणी अंदाजाने नाव घालू नये. एक्स-रे काढताना माणूस हलला तर मी पुन्हा काढत असे. इथे पक्षी परत येत नाही, म्हणून गप्प बसायचं.

मात्र परवा बहिणीने एक फोटो समोर आणून ठेवला. मागे माझ्याच अक्षरात "शिक्रा", आणि त्याखाली, माझ्याच अक्षरात, "बेसरा". दोन्ही जवळपास सारखेच दिसणारे शिकारी पक्षी; गळ्यावरची रेघ बारीक असेल तर शिक्रा, जाड असेल तर बेसरा. मी बराच वेळ रेघेकडे बघत बसलो. घटकेत बारीक वाटे, घटकेत जाड. यातलं एकही नाव लिहिल्याचं मला आठवत नाही.

५. मुलाच्या आग्रहावरून मी स्मरणशक्ती तपासून घेतली. डॉक्टरबाई चित्रं दाखवून नावं विचारत होत्या. एका चित्रात बाकदार चोचीचा पक्षी होता.

"काका, साधं चित्र आहे. गरुड म्हणालात तरी चालेल."

"पाय कापलेत हो यात. गरुडाच्या पायांवर पिसं असतात, ती बघितल्याशिवाय कसं म्हणू?"

त्यांनी फुली मारली. घरी येऊन हा किस्सा मी सगळ्यांना हसत हसत सांगितला. त्यापुढचं चित्र कंगव्याचं होतं, ते मात्र कोणाला सांगितलं नाही. रोज हातात असणारी वस्तू, पण नाव येईना. जिना उतरताना आलं. मग पक्ष्याच्या वेळी मी तत्त्वासाठी गप्प होतो, की तेव्हाही नाव येत नव्हतं? विचार करून डोक्याचा भुगा झाला. मला खरंच कळत नाही.

६. साक्षीसाठी घरी आलेल्या त्याच डॉक्टरबाई आणि मेहुणा बाहेर चहा घेत आहेत तोवर हे शेवटचं कलम लिहितो. साक्षीदार फक्त सही बघतात, मजकूर वाचत नाहीत.

सहीआधी खात्री करायला डॉक्टरांनी आज तीच चित्रं पुन्हा काढली. कंगवा मी सकाळपासून घोकून ठेवला होता. मग पक्षी आला. पाय अजून कापलेलेच. दारात बहीण हात पुसत उभी होती. मी लगेच म्हणालो, "गरुड."

"छान," डॉक्टर म्हणाल्या, आणि सही करायला तयार झाल्या. जाणूनबुजून, न ओळखता दिलेलं माझं हे पहिलंच नाव, आणि त्यावर मी शहाणा ठरलो.

त्या बाहेर गेल्यावर बहीण जवळ आली. "दादा, गरुड होता तो?"

"माहीत नाही."

"मग कशाला म्हणालास?"

"तुला राहायला घर नको?"

ती रडली. मलाही रडू आलं.

मुला, हे वाचून तुला कोर्टात जाता येईल, हे मला कळतं. तरी खोटी ओळख मागे ठेवून जाववत नाही, म्हणून लिहिलं. जाऊ नकोस, एवढंच मागतो. पक्ष्यांचं काय ते मला आता सांगता येत नाही. पण शेजारी उभी आहे ती माझी बहीण आहे आणि हे घर तिचं आहे, यात मला जराही शंका नाही.

ठिकाण: राहतं घर, जेवणाचं टेबल.
तारीख: डॉक्टरांनी विचारली आणि मी बरोबर सांगितली, तीच.
सही: मृत्युपत्र करणार, स्वहस्ते.
साक्षीदार: १. डॉक्टर. २. मेहुणा. दोघांनीही मला सही करताना पाहिलं.
बहिणीची सही नाही. घर तिला मिळणार म्हणून ती चालत नाही. कागद उडू नये म्हणून तिने त्यावर हात ठेवला आहे.