दादाला मंडळाचं बोलावणं

टेनब्रुक, ओहायो
६ मार्च १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं तिकडे दक्षिणेत सवानाच्या उन्हात मासे पकडताय आणि मी अजून दारातला बर्फ ओढतेय, तेव्हा आधी तुझा पोटभर हेवा करून घेते. वहिनीचा गुडघा कसा आहे?

आता बातमी. महापौरांनी मला मंडळावर घेतलंय. पोलिसांवर देखरेख ठेवायला नागरिकांचं स्वतंत्र मंडळ हवं म्हणून वर्षभर आम्ही चर्चच्या तळघरात खुर्च्या मांडत होतो ना, तेच. इमोजीन पेटवेच्या कॉर्डेलचं तुला कळवलं होतं. पोरगा जन्माचा बहिरा. मागून कुणी थांब म्हणून ओरडलं तर त्याला ऐकू येणार कसं? रिडलॉन नावाच्या पोलिसाने त्याचा जबडा मोडला. मग खात्याने स्वतःची चौकशी स्वतःच केली आणि स्वतःला निर्दोष ठरवून मोकळं झालं. इमोजीन अजून त्याला सूप गाळून देते.

महापौर म्हणाले, तुमच्यासारखी बाई हवीच, खात्यातल्या निवृत्त सार्जंटची बहीण, दोन्ही बाजू जाणणारी. मला मात्र वाटतं, सार्जंटची बहीण गप्प बसेल हा त्यांचा हिशोब. कारण मंडळाच्या नियमांचा मसुदा मी दोनदा वाचला. खात्याची चौकशी संपली की आम्ही कागद वाचायचे, मत द्यायचं आणि घरी जायचं. कुणाला साक्षीला बोलावता येणार नाही, आपला तपासनीस ठेवता येणार नाही. हे मंडळ आहे की वाचनालय?

तेव्हा नोव्हेंबरच्या मतदानात शहराची सनदच, म्हणजे कारभाराचा मूळ कायदाच, बदलून घ्यायची असं आमचं चाललंय. शिवाय रिडलॉनविरुद्ध आधीही तक्रारी झाल्या होत्या का, अगदी जुन्या, हेही मी शोधणार आहे. हे दुसरं अजून मंडळातही कुणाला बोलले नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो वाढवा.

तुझी,
व्हर्लीन

सवाना
१९ मार्च १९९४

चि. व्हर्लीन हिस,
अनेक आशीर्वाद.

अभिनंदन, मॅडम! बायकांचे केस धुता धुता तू शहर धुवायला निघालीस. बर्नडीनने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने सगळ्या गल्लीला. गुडघा ठीक आहे, तक्रारी मात्र चालू.

खुर्ची मिळाली म्हणून हुरळू नकोस. महापौरांची निवडणूक तोंडावर आहे. निवडणूक झाली की तुम्हाला विचारतो कोण? आणि त्या चर्चवाल्यांचंही जरा तपासून घे. रोज फोटोत कोण पुढे येतं ते बघ. मी त्या खात्यात सगळं आयुष्य घातलं. सगळेच राक्षस नाहीत तिथे.

कॉर्डेलचं वाईट वाटलं. त्याचं काम जरूर कर. पण जुन्या तक्रारींच्या मागे कशाला लागतेस? तेव्हाची माणसं निम्मी मेली, उरलेल्यांना काही आठवत नाही. ही कल्पना तुझी, की कुणी डोक्यात भरवली? नीट विचार करून उत्तर दे.

जपून राहा.

तुझा,
अलॉन्झो

टेनब्रुक
२४ एप्रिल १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज पत्र लिहायला बसले ते रागातच. वहिनीला वाचून दाखवू नकोस.

शनिवारी भर गर्दीत तुझा जुना मित्र क्रान्ट्झ माझ्या दुकानात आला. आता पोलीस उपप्रमुख झालाय, तसं पोटही पदाला शोभेसं झालंय. हातात डोनट्सचा खोका. आपल्या काळ्या बायकांनी भरलेल्या माझ्या दुकानात गोरा पुरुष म्हटल्यावर तीनही ड्रायर बंद पडल्यासारखे झाले. मिसेस ग्रीअर तर डोक्याला फेस घेऊन तशीच उठून बसली. क्रान्ट्झने सगळ्यांना हसून नमस्कार केला. मला म्हणाला, अलॉन्झोची बहीण ती माझी बहीण. आम्ही एका गाडीत सहा वर्षं काढली, त्याचं सँडविच मी खायचो आणि माझं तो. मग जाता जाता सहज म्हणावं तसं म्हणाला, की कॉर्डेलचं बघा, पण जुन्या तक्रारी उकरत बसू नका, त्यात तुमच्याच माणसांची नावं निघायची.

जुन्या तक्रारींचं मी एकट्या तुला लिहिलं होतं.

त्या दिवसापासून माझं डोकं ताळ्यावर नाही. दाराशी गाडी थांबली की पडदा सरकवून बघते. फोन उचलला की आधी गप्प राहते. मंडळावरच्या माणसांकडेही चोरून बघते, की ह्यांच्यातला तिकडचा कोण. आणि इतके दिवस सगळ्यांवर संशय घेतल्यावर माझं बोट तुझ्यावर येऊन थांबतं. सरळ विचारते: तू त्याला सांगितलंस का? आणि तुमच्याच माणसांची म्हणजे कुणाची?

लोभ होताच, आहेही. उत्तर लवकर पाठव.

व्हर्लीन

सवाना
३ मे १९९४

चि. व्हर्लीन,
आशीर्वाद.

मी तुझा दादा आहे, तुझ्या मंडळापुढचा आरोपी नाही. त्या गावात दुपारी कुणी शिंकलं तर संध्याकाळी चौकीवर कळतं. क्रान्ट्झ तिथे अख्खा जन्म काढून आहे, त्याला माझी गरज नाही. तो काय बोलला ते त्याला विचार.

उन्हाळ्यात येणार होतो. आता येत नाही.

अलॉन्झो

सवाना
१७ जुलै १९९४

प्रिय वन्सं,
स. न.

मी पत्र लिहिलंय हे ह्यांना माहीत नाही. पेटीत टाकायला मीच गुडघा ओढत जाणार आहे, तेव्हा किती महत्त्वाचं असेल ते समजून घ्या.

तुमच्या दोघांचं बोलणं बंद झाल्यापासून घरात सुतक असल्यासारखं वाटतं. हे गळ घेऊन जातात आणि रिकामे परत येतात. विचारलं तर म्हणतात, पाणी गढूळ आहे. पाणी काचेसारखं असतं हो.

खोटं कशाला बोलू? जुन्या तक्रारींचं डॉइल क्रान्ट्झला ह्यांनीच सांगितलं. तो दर रविवारी फोन करतो. पहिल्यांदा गप्पाच होत्या. वन्सं मंडळावर गेल्या म्हणून कौतुक, त्यात ह्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यात कपट नव्हतं असं मी मानते. पण दुसऱ्या रविवारपासून हे फोन घेऊन मागच्या अंगणात जायला लागले. मला एकच शब्द ऐकू येतो: नाही. नाही, डॉइल. नाही. कशाला नाही म्हणतात ते मला सांगत नाहीत. तीस वर्षांच्या संसारात हे दार कधी बंद नव्हतं.

मी तुमची बाजू घेत नाही आणि ह्यांचीही नाही. मला माझा नवरा परत हवाय, एवढंच.

ह्या पत्राचं उत्तर देऊ नका. माया आहे ती राहू द्या.

तुमची,
बर्नडीन

टेनब्रुक
११ डिसेंबर १९९४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आठ महिन्यांनी लिहितेय. हात अवघडलाय.

सनद बदलली. तुला पेपरात दिसलं असेल. थोडक्या मतांनी, पण बदलली. आता मंडळाचा तपासनीस स्वतंत्र, माणसं बोलावायचा अधिकार आमचा, आणि आमचे पैसे महापौरांना अडवता येत नाहीत. निकालाच्या संध्याकाळी तळघरात सगळे नाचत होते आणि इमोजीन कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, आज तुम्हाला कागद मिळाला, मला अजून काही मिळालेलं नाही.

तपासनीस म्हणून क्लीव्हलंडहून मिस हॅनी आल्यात. बारीक, खोकणाऱ्या, कुणाचा चहासुद्धा घेत नाहीत. त्यांनी फक्त एवढं जाहीर केलं, की रिडलॉनचा त्रास झालेल्या कुणीही यावं. कटलर रस्त्यावरचे थॅडियस ब्रूम, न्हावी, ते आले. म्हणाले, एकोणऐंशी साली रिडलॉनने माझा खांदा निखळवला होता. मी चौकीवर गेलो. आपलाच एक काळा सार्जंट होता, फार सभ्य. त्याने मला कॉफी दिली, सगळं लिहून घेतलं. महिन्याने घरी येऊन सांगितलं, की साक्षीदार सापडला नाही. पण माझा साक्षीदार माझ्याच दुकानात शेजारच्या खुर्चीवर रोज केस कापत होता, त्याला कुणी विचारलंच नाही.

सार्जंटचं नाव त्यांनी सांगितलं, तेव्हा मी मंडळाच्या टेबलाशी होते.

मी उठले. सांगितलं, हा माझा भाऊ आहे, ह्या प्रकरणात मी बसणार नाही. आणि बाहेर आले. बोलावणं येईल त्यावर सही दुसऱ्याची असेल. मी ते थांबवू शकत नाही, आणि दादा, मला थांबवायचंही नाही.

मला काही सांगू नकोस. फोन करू नकोस. काय असेल ते त्यांना सांग. क्रान्ट्झचा फोन आला तर तोही सांग. ओहायोबाहेरच्या माणसाला ते ओढून आणू शकत नाहीत, हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. यायचं की नाही, तू ठरव.

व्हर्लीन

सवाना
२० डिसेंबर १९९४

चि. व्हर्लीन,
आशीर्वाद.

बोलावणं पोचलं. क्रान्ट्झचा फोन त्याच्या आधी पोचला होता. वकील म्हणतो, जाऊ नका, कुणी काही करू शकत नाही. बर्नडीन म्हणते, नाही गेलात तर मी तरी काहीतरी करीन.

नऊ जानेवारीला येतोय. तुझ्याकडे उतरणार नाही, हॉटेलात राहीन. स्टेशनवर येऊ नकोस. उद्या कुणी म्हणायला नको, की बहिणीने पढवून आणला.

अलॉन्झो

टेनब्रुक
२ एप्रिल १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अहवाल सोमवारी छापून आला. मला आदल्या दिवशी मिळत होता, मी घेतला नाही. सगळ्यांसारखी रांगेत उभी राहून ग्रंथालयात वाचला.

रिडलॉनला काढलं. क्रान्ट्झने अहवालाच्या आदल्या आठवड्यात निवृत्ती घेतली. तब्येतीचं कारण दिलंय. पोटाकडे बघता कुणाचाही विश्वास बसेल. कॉर्डेलची चौकशी नव्याने होणार, आणि ती खातं करणार नाही.

तुझी साक्ष साडेतीन पानं आहे. ब्रूमची तक्रार तू वर पाठवलीस, तेव्हा तुझा वरिष्ठ असलेल्या क्रान्ट्झने ती परत तुझ्या हातात दिली, काय सांगायचं ते सांगितलं, आणि तू ब्रूमच्या घरी जाऊन ते सांगितलंस. त्यानंतर आणखी दोघांना तसंच सांगितलंस. गेल्या वर्षी तो दर रविवारी तुला सगळं विसरायला सांगत होता, तेही वाचलं. तिथे तू कुठेच स्वतःची बाजू मांडली नाहीस. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, बाजू कुठे मांडली असशील म्हणून. मग ग्रंथालयाच्या बाईंनी माझ्याजवळ रुमाल आणून ठेवला.

जानेवारीत तू साक्ष देऊन बाहेर आलास तेव्हा मी व्हरांड्यात होते. तुला वाटलं असेल, मी रागाने तोंड फिरवलं. मी तोंड फिरवलं कारण दार उघडं होतं आणि आत मिस हॅनी बघत होत्या. रस्त्यावर आले तेव्हा तुझी टॅक्सी निघून गेली होती.

शनिवारी इमोजीन केसांना आली. मी तिच्या डोक्यावर पाणी घालत होते. मग बेसिनमधूनच, डोळे मिटून म्हणाली, तुझा भाऊ स्वतःच्या पायांनी आला, खात्यातला बाकी एकही आला नाही. मी म्हटलं, हो. तर म्हणाली, त्याला सांग, एकोणऐंशी साली तो एवढं बोलला असता तर माझ्या पोराने आज चावून खाल्लं असतं. माझा राग अजून संपलेला नाही, तेही सांग. म्हणून सांगितलं.

मीही संपवलेला नाही. पण उन्हाळ्यात ये. वरची खोली रंगवून घेतली आहे, वहिनीला जिने नकोत म्हणून खालीही पलंग टाकलाय. हॉटेलात उतरलास तर याद राख.

लोभ आहेच, तो कधी गेला नव्हता. विश्वासाचं तू आलास की समोर बसून बघू.

तुझी,
व्हर्लीन