ओवीनं सांगितलेली शेळी

८ डिसेंबर
शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. नववीत शाळा सोडली. दादाच्या जुन्या मोबाईलवर एका बोटानं लिहिते, लई टाइम लागतो. वहिनी म्हणली लिही, नायतर विसरशील.

आज दुपारी आमची शेळी चांदी गायब. दावं खुंटीलाच. दोन पिल्लं वरडून वरडून बसलेली. जवळ फक्त ओवी व्हती, दादाची पोरगी, चार वर्षांची.

दादा: बिबट्या आला व्हता का? ओवी: हो. मोठा व्हता? हो. उसात नेली? हो.

शेजारचा गणपा म्हणला, "संपली राव शेळी. फॉरेस्टवाल्यांना फोन लावा."
मला पण खरं वाटलं. आणि बिबट्या नसला तरी, अंधार पडायच्या आत सापडली नाय तर संपलीच.

वहिनी भाकरी थापत व्हती. तिनं बिबट्याचं नावच नाय काढलं.
"ओवे, तू कुठं बसली व्हती?"
"खुंटीपाशी." वहिनीनं घाई नाय केली. भाकरी पलटली.
"मग?"
"गाठ सोडली. चांदीला तहान लागली व्हती." मधीच ती पिल्लांच्या गोष्टी सांगाया लागली.
"बरं. चांदी पाणी प्यायला गेली. कुठं?"
"पाइप फुटलाय तिथं."
"तिथं कोण व्हतं?"
"टोपीवालं आजोबा. त्यांनी कान धरून नेली."

फुटका पाइप म्हंजे पलीकडच्या तात्यांचा मळा, टोपीवालं आजोबा म्हंजे तेच. दादा पळाला. चांदी तात्यांच्या गोठ्यात, भायेरून कडी. तात्या नारायणगावला लेकीकडं गेल्यालं. मोबाईल वापरत नाय ते.

एवढं सगळं त्या पोरीच्या पोटात व्हतं! आमी सगळे वरडत व्हतो, वहिनी नुसती थांबली.

१० डिसेंबर
मी करून बघितलं. "ओवी, बिबट्या मोठा व्हता ना?" लगेच "हो."
वहिनी हसली. "तू उत्तर देऊनच विचारतीस, बाई."

१३ डिसेंबर
दुपारी भात खाता खाता ओवी आपणहून सांगाया लागली. सगळं ओळीत. गाठ, पाणी, पाइप, आजोबा. कुठंच अडली नाय. मी बघतच राहिले. मग म्हणती, "आजोबा म्हणले पळ घरी. हितं थांबू नको. उसात..."

माझा घास हातात. विचारणार व्हते, वहिनीनं डोळ्यानं गप्प केलं. वाट बघितली. ओवीनं भात संपवला आणि तिथंच झोपली.

तात्या अजून आले नाईत. वहिनीनं पिल्लं आत घेतली.

आत्ता बाजारातून दादाचा फोन आला. मावसभावाचं लग्न जमलं. पोरगी ओतूरची. मी हो हो म्हणलं, ध्यान उसाकडंच.